काटा मध्यावरच होता: जुन्या गाडीला कूलंट टेंपरेचरचा सेन्सर बसवला

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं. आज रविवार आहे, बाहेर सकाळपासून पाऊस लागलाय, म्हटलं आता बसूच.

गोष्ट सुरू होते २०२४ च्या मे महिन्यात. ठाण्याला मावशीकडचं लग्न आटोपून आम्ही नाशिकला परत येत होतो, मी गाडी चालवतोय, शेजारी बाबा, मागे आई आणि बायको. गाडी आमची जुनीच, बाबांनी २००६ ला घेतलेली पेट्रोल, चार सिलिंडर, एमएच १५, पंधरा वर्षं झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत नेऊन पाच वर्षांचं पासिंग करून आणलेली. कसारा मागे पडलं, घाट सुरू झाला आणि पुढे कंटेनरची ही लांब रांग. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. दुपारचे अडीच वाजलेले, आईला उकाडा सहन होत नाही म्हणून एसी चालू. घाटात मी दर मिनिटाला टेंपरेचरचा काटा बघतो, सवयच आहे ती, आणि त्या दिवशीही बघत होतो. काटा मध्यावर. रोज असतो अगदी तिथेच.

मग एक गोडसर वास आला, पाक करताना कढईच्या कडेला थोडा करपला की येतो ना तसा. आई म्हणाली, कसला रे वास येतोय? तेवढ्यात एसीची हवा कोमट झाली आणि पुढच्या वळणावर काटा जो उठला तो मिनिटभरात थेट लाल पट्टीवर. गाडी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

चाकांना दगड लावले, आईला आणि बायकोला लांब कठड्याजवळ सावलीत बसवलं. मी बॉनेट उघडून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तर बाबांनी मनगटच धरलं माझं. "तासभर हात लावायचा नाही." बाबा ३१ वर्षं अंबड एमआयडीसीत फिटर होते, वाफेने भाजलेली माणसं त्यांनी बघितलेली आहेत. शेवटी गाडी टो करून आणावी लागली. रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला जोडावर केसाएवढी चीर गेली होती, तिथून कूलंट थोडं थोडं जात होतं बरेच दिवस, आणि मी वरून साधं पाणी टाकत होतो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, उडालं होतं, हेड थोडं वाकलं होतं, ते फेसिंग मारून म्हणजे सपाट करून आणलं, रेडिएटर नवीन, सगळं मिळून २६,४०० रुपये. पैशाचं दुःख होतंच पण त्याहून एक वाक्य डोक्यात अडकून बसलं. घरी आल्यावर रात्री जेवताना बाबा म्हणाले, "काटा मध्यावर होता रे. मी पण बघत होतो."

त्या एका वाक्यासाठी हे सगळं केलं म्हणायला हरकत नाही.

आमचे गॅरेजवाले मामा आहेत पंचवटीत, त्यांना विचारलं की काटा खराब आहे का. म्हणाले नाही, काटा चांगला आहे, तो असाच असतो. मला पटेना. मग त्यांनी समजावलं आणि नंतर मी स्वतः बरंच वाचलं, आणि खरंच तसं आहे. डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे थर्मामीटर नाही. बहुतेक गाड्यांमध्ये तो मुद्दाम असा बनवलेला असतो की इंजिन एकदा नेहमीच्या तापमानाला आलं की तो मध्यावर येऊन बसतो आणि पुढचे वीस-पंचवीस डिग्री कितीही खालीवर झालं तरी तिथून हलत नाही. कारण पंखा चालू-बंद होतो तसं कूलंटचं तापमान सारखं बदलतच असतं, आणि काटा खरोखर तेवढा नाचायला लागला तर लोक रोज घाबरून गॅरेजला येतील. कारण समजण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ असा की काटा हलतो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

आणि आमच्या केसमध्ये अजून एक गोष्ट होती जी मला आधी माहीतच नव्हती. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. सिस्टीम बंद असते, आत दाब तयार होतो, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, कुकरमध्ये होतं तेच. ०.९ चं झाकण नीट बसलेलं असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळेल, कूलंट मिसळलेलं असेल तर अजून वर. पण टाकीला चीर आहे म्हणजे दाब धरलाच जात नाही, मग ते पाणी घाटात शंभरच्या आतच उकळायला लागणार. आणि शंभर डिग्रीला आमचा काटा कुठे? मध्यावर. म्हणजे आत पाणी खदखदत होतं आणि बाहेर सगळं ठीक दिसत होतं. हे समजलं तेव्हा पोटात गोळा आला, मागे आई बसली होती हो.

तर ठरवलं की आकडा बघायचा, काटा नाही.

सोपा मार्ग होता ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटचा. मेव्हण्याची गाडी २०१६ ची आहे, त्याच्याकडे तो छोटा ब्लूटूथ स्कॅनर आहे, स्टिअरिंगखाली लावला की मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं. त्यात गंमत अशी की गाडीचा कॉम्प्युटर ० ते २५५ मधला एक आकडा पाठवतो आणि ॲप त्यातून ४० वजा करून डिग्री दाखवतं, म्हणजे १३० आला तर ९० डिग्री. ज्यांची गाडी नवी आहे त्यांनी सरळ तेच घ्यावं, होज, म्हणजे रेडिएटरची रबरी नळी, कापायची काहीच गरज नाही. आमच्या गाडीला तो प्रकार नाही. मग बाहेरून गेज आणि सेन्सर घेणं आलं. १,९०० रुपयांचं डिजिटल गेज मागवलं, ५२ मिलिमीटरचं गोल, सोबत एका वायरचा सेन्सर आणि तीन मीटर वायर. आत बझर पण आहे, हव्या त्या आकड्यावर सेट करता येतो.

सेन्सर म्हणजे पितळेच्या बोंडात बसवलेला थर्मिस्टर. थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी. मल्टिमीटर लावून मुठीत धरला तरी आकडा उतरताना दिसतो, मुलीला दाखवलं तर ती अर्धा तास तेच करत बसली.

गाडीला लावायच्या आधी बाबा म्हणाले की तपासल्याशिवाय लावायचं नाही, मीटर खरं बोलतंय हे कशावरून? बरोबरच होतं. मग स्वयंपाकघरात मांडामांड. वायफायच्या यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी, त्यावर गेज, सेन्सरच्या पितळेला क्रोकोडाइल क्लिप लावून अर्थ दिला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडला, आणि सेन्सर उलथण्याला बांधून चहाच्या पातेल्यात सोडला, तळाला टेकणार नाही असा. आधी बर्फाचं पाणी, चांगलं ढवळून. गेज १ दाखवत होतं. मग गॅस पेटवला. ४०, ५५, ७०, बाबा चष्मा लावून बघतायत, आई म्हणतेय माझं पातेलं नंतर तुम्हीच घासा. खळाखळा उकळी फुटली आणि आकडा ९८ वर जाऊन थांबला. पाच मिनिटं उकळू दिलं, ९८ च. माझा चेहरा पडला, म्हटलं दोन डिग्री कमी दाखवतंय. बाबांनी विचारलं, नाशिक समुद्रापासून किती उंच आहे? साधारण ६०० मीटर. दर तीनशे मीटरला उकळबिंदू एक डिग्री उतरतो. म्हणजे नाशकात पाणी ९८ लाच उकळतं. गेज अगदी बरोबर होतं! शाळेत शिकलेलं आयुष्यात पहिल्यांदा असं समोर उभं राहिलं, खूप बरं वाटलं.

आता सेन्सर बसवायचा कुठे. इंजिनवर जो ओरिजिनल सेन्सर आहे तो काढून चालणार नाही, कारण फ्यूएल आणि पंख्याचा हिशोब त्यावर चालतो. ब्लॉकला भोक पाडायची माझी हिंमत नाही आणि कोणी पाडूही नये. राहिला इंजिनमधून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज. तो मधे कापायचा, मधे ॲल्युमिनियमचा पाइपचा तुकडा घालायचा, दोन्ही बाजूला होज क्लिप, आणि त्या तुकड्याला आटे पाडून त्यात सेन्सर. हे ॲडॅप्टर ऑनलाइन तयार मिळतात २८, ३२, ३६ मिलिमीटर अशा मापात, पण होजचं आतलं माप मोजून घ्या, अंदाजाने नको. आमचा होज आतून ३२ निघाला. आणि एमआयडीसीचं गाव असताना ऑनलाइन कशाला, बाबांच्या ओळखीचे लेथवाले काका आहेत अंबडला, त्यांच्याकडे गेलो.

काकांनी रॉडचा तुकडा चकमध्ये धरला आणि बघता बघता ८० मिलिमीटर लांबीचा पाइप काढला. बाबांनी सांगून दोन्ही टोकांना बारीक ओठ ठेवून घेतला, म्हणजे कडेला किंचित उभारलेली गोल कड, ती असली की दाबाखाली होज क्लिपमधून सरकून निघत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. स्वस्तातले काही ॲडॅप्टर एकदम गुळगुळीत असतात, ते घेऊ नका. मधे थोडा जाड भाग ठेवला, त्याला सेन्सरचं भोक, आणि बाजूला अर्थच्या वायरसाठी एक छोटा स्क्रू, आरपार न जाणारा.

इथे आमची चूक झाली. सेन्सरवर लिहिलं होतं १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे पाइपचे आटे. मी काकांना नुसतं "वन बाय एट" सांगितलं. आपल्याकडे पाइपचे आटे म्हटलं की बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचे, नळापासून कॉम्प्रेसरपर्यंत सगळीकडे तेच, तर काकांनी बीएसपीचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवला, त्यांचं काही चुकलं नाही. घरी येऊन सेन्सर लावला तर दीड-दोन आटे हाताने गेला आणि मग घट्ट झाला. मला वाटलं टेपर आटे आहेत, असंच असणार, पाना लावून अजून दीड आटा फिरवला. बाबा तेव्हा झोपले होते. संध्याकाळी त्यांनी तो हातात घेतला, नख फिरवलं आट्यांवरून, काही बोलले नाहीत, आत जाऊन त्यांच्या जुन्या डब्यातून आटे मोजायचं गेज काढलं. ती पात्यांची जुडी असते, एकेक पातं आट्यावर टेकवून उजेडाकडे धरायचं, फट दिसली की ते माप नाही. २८ चं पातं भोकातल्या आट्यांवर बसलं. सेन्सरवर २७ चं बसलं. इंचाला एका आट्याचा फरक, शिवाय आट्याचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०, आणि जाडीत अर्धा मिलिमीटर. जबरदस्तीने बसतं म्हणूनच धोक्याचं. "हे आज गळलं नसतं," बाबा म्हणाले, "घाटात गळलं असतं."

दुसऱ्या दिवशी परत अंबड. एनपीटीचा टॅप काकांकडे नव्हता, त्यांनी शेजारच्या शेडमधून मागून आणला, आणि खराब झालेल्या भोकावर काम न करता पूर्ण नवीन तुकडा काढून दिला. दोन्ही तुकड्यांचे मिळून सहाशे रुपये घेतले फक्त. जुना तुकडा बाबांनी ठेवून दिलाय डब्यात.

बसवायचं काम रविवारी सकाळी सहाला, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. गाडी रात्रभर उभी, इंजिन गार. बॅटरीची निगेटिव्ह काढली, रेडिएटरखाली जुनी घमेली ठेवली आणि कूलंट उतरवलं. हे जरा थांबून वाचा. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरी ते चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. आमच्या पार्किंगमध्ये दोन कुत्री आणि एक मांजर पिल्लांसकट राहते. तेव्हा जमिनीवर थेंबही नको, सांडलं तर भरपूर पाणी आणि फडकं, आणि उतरवलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, गटारीत ओतू नका. मी मुलीला फक्त त्यासाठी खाली बसवलं होतं, कुत्रं आलं की बिस्कीट देऊन लांब न्यायचं. तिने ते काम माझ्यापेक्षा चोख केलं.

ओरिजिनल होज कापला नाही, नवीन आणला आणि तो कापला. जुना डिकीत ठेवलाय, उद्या ॲडॅप्टरला काही झालं तर रस्त्यात तो लावून घरी येता येईल. कापताना धारदार कटर, साबणाचं पाणी लावून, सरळ काप. सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली नाही, कारण एका वायरच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतूनच मिळतो आणि टेपचे चार वेढे घातले की तो तुटू शकतो. लिक्विड सीलंट लावलं, तेही खालचे दोन आटे कोरे ठेवून. आणि ॲडॅप्टर दोन्हीकडून रबरात बसलेला म्हणजे तो स्वतः इंजिनला कुठेच टेकत नाही, त्याला अर्थची वेगळी वायर लागतेच. अनेक जण इथे अडकतात, गेज नुसतं बंद दिसतं आणि लोक सेन्सर परत पाठवतात.

वायर आत न्यायला मात्र दीड तास गेला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात एक रबरी बूच असतं, त्यातून मोठा वायरिंगचा जुडगा गेलेला असतो, त्याच्या बाजूने जुन्या छत्रीची काडी घातली, तिला वायर चिकटवली आणि आत डॅशबोर्डखालून ओढली. एक्झॉस्टपासून आणि बेल्टपासून लांब, सगळीकडे स्लीव्हमध्ये. पॉवर घेतली सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून, म्हणजे चावी फिरवली की चालू, मधे २ ॲम्पिअरचा वेगळा फ्यूज. सगळे जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक. नुसती पिळून काळी टेप लावलेली वायर नाशिकच्या उन्हाळ्यात दोन वर्षांत सुटते, मी बघितलंय.

मग कूलंट भरायचं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. गाडी पार्किंगच्या रॅम्पवर तोंड वर करून उभी केली म्हणजे झाकण सगळ्यात उंच येतं, हीटर फुल गरम, आणि हळूहळू ओतत वरचा होज हाताने दाबत राहायचं, बुडबुड बुडबुड हवा निघत राहते. घाई करू नका. हवा आत अडकली की आकडाही चुकतो आणि इंजिनही तापतं. झाकण लावून चालू केलं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत थांबलो, बंद केलं, पूर्ण गार होऊ दिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी अजून तीनशे मिली बसलं.

पहिल्याच दिवशी जाणवलं की थंड गाडी चालू केल्यावर आकडा बराच वेळ तीस-बत्तीसलाच राहतो आणि मग एकदम वर चढतो, मिनिटात ८० च्या पुढे. ते बरोबर आहे. आमच्या गाडीत थर्मोस्टॅट वरच्या होजच्या तोंडाशीच आहे, ८२ चा, तो उघडल्याशिवाय गरम पाणी होजमध्ये येतच नाही. त्यामुळे तो उडी मारतो ती वेळ म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्याची वेळ, म्हणजे फुकटात थर्मोस्टॅटची तब्येतही कळायला लागली.

दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला हेडलाइट लावले आणि आकडा ८९ वरून ९५. बंद केले, ८९. परत लावले, ९५. द्वारकेपर्यंत मी हेच करत आलो, मागचा रिक्षावाला वैतागला असणार. घरी येऊन विचार केला, पाणी काही लाइट लावल्याने तापत नाही, म्हणजे अर्थिंग. गेजची अर्थ मी डॅशबोर्डखालच्या ज्या बोल्टला दिली होती तिथेच गाडीच्या निम्म्या गोष्टींची अर्थ होती. लाइटचा करंट तिथून जायला लागला की त्या बोल्टचा व्होल्टेज इंजिनच्या तुलनेत किंचित वर उचलला जायचा, आणि गेजला वाटायचं की सेन्सरचा रेझिस्टन्स कमी झाला, म्हणजे गरम झालं. मल्टिमीटर लावला तर खरंच फरक दिसला. उपाय एकच, गेजची अर्थ काढून थेट इंजिनवर, जिथे ॲडॅप्टरची अर्थ दिली होती त्याच बोल्टला. दोघांचा शून्य एकच पाहिजे. त्यानंतर लाइट, वायपर, हॉर्न, एसी काहीही लावा, आकडा ढिम्म.

पुढचे तीन आठवडे मी एक वही ठेवली. काटा आणि आकडा शेजारी शेजारी. आमचा काटा ७४ ला मध्यावर येतो. पंखा ९५ ला लागतो, ९० ला बंद होतो. एसी लावला की पंखा सतत चालतो म्हणून उलट ट्रॅफिकमध्ये आकडा खालीच राहतो, हे मला अपेक्षित नव्हतं. पेठ रोडला सावळ घाटात १०१ गेला, वणीच्या गडाला नांदुरीहून चढताना १०३. काटा? तसूभरही हलला नाही. ७४ ते १०३, एकोणतीस डिग्री, आणि काटा एकाच जागी. वहीचं ते पान मी मामांना नेऊन दाखवलं.

मामांनी पान नीट बघितलं, मान हलवली आणि एकच प्रश्न विचारला. "पाणीच नसेल तर तुझा सेन्सर काय मोजणार?"

मी गप्प. कारण खरं होतं ते. सेन्सर ज्याला टेकलाय तेवढंच त्याला कळतं. खालचा होज फुटला आणि सगळं कूलंट रस्त्यावर गेलं तर वरच्या होजमध्ये राहणार नुसती हवा, आकडा चढायच्या ऐवजी उतरेल आणि मी खूश होऊन गाडी चालवत राहीन. मेमध्ये काटा शेवटपर्यंत शांत राहिला त्यात याचाही भाग असेल असं मामांचं म्हणणं.

म्हणून दुसरा सेन्सर, हा धातूला चिकटणारा. बोल्टखाली अडकवायची रिंग असते आणि तिच्यातच थर्मिस्टर. तो सिलिंडर हेडवर लावला, इंजिन उचलायचा हुक ज्या बोल्टने बसलेला असतो त्या बोल्टखाली. हेडच्या मेन बोल्टना चुकूनही हात लावू नका, ते ठरावीक टॉर्कला कसलेले असतात, एक सैल केला तरी गॅस्केटचं काम निघेल. हा सेन्सर पाणी असो वा नसो, हेडचं लोखंड, आपलं ॲल्युमिनियम, किती तापलंय ते सांगतो. त्याला वेगळं छोटं गेज, १,१०० रुपये, दोन वायरचा असल्याने अर्थची भानगड नाही. एरवी दोन्ही आकडे पाच-सहा डिग्रीच्या फरकाने सोबत चालतात. एक चढतोय आणि दुसरा उतरतोय असं दिसलं की त्याच क्षणी गाडी कडेला. बझर दोन्हीला १०६ वर लावलाय. मला विचाराल तर एकच लावायची ऐपत किंवा वेळ असेल तर हा रिंगवाला आधी लावा, होजवाला नंतर. होज कापायचा नाही, कूलंट उतरवायचं नाही, तासाभराचं काम आहे. मी उलट क्रमाने केलं.

२०२५ च्या फेब्रुवारीत परत ठाण्याला जायचं झालं, मावशीच्या नातवाचं बारसं. तेव्हा समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला नव्हता, तो ५ जून २०२५ ला झाला, आता तर तो जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे आणि घाट टाळता येतो. पण येतानाचा कसारा घाट मला मुद्दाम चढायचा होता. याच चढावर रेल्वेला सुद्धा मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात, ३७ फुटाला एक फूट असा चढ आहे रुळांचा, लहानपणी बाबा खिडकीतून दाखवायचे.

ट्रकची रांग होतीच. बाबा पुढे बसले होते, चष्मा लावून, दोन्ही गेज त्यांच्याच बाजूला येतील असे मी बसवलेत. "शहाण्णव. एकशे एक." आधी होजचा आकडा, मग हेडचा. मग जरा वेळाने, "अठ्ठ्याण्णव. एकशे तीन." त्यांचा आवाज फॅक्टरीतल्यासारखा झाला होता, आकडा सांगायचा, मत नाही सांगायचं. तो कठडा आला जिथे आई बसली होती, आई मागून म्हणाली, इथेच ना रे? मी हो म्हटलं. "शंभर. एकशे पाच." इंजिनवरचा बोजा कमी व्हावा म्हणून मी एसी बंद केला, काचा खाली केल्या, हीटर फुल सोडला म्हणजे इंजिनची थोडी गरमी केबिनमध्ये निघते, सगळ्यांना घाम फुटला पण कोणी एक शब्द बोललं नाही. दोन वळणं गेली. "नव्व्याण्णव. एकशे चार." मग "सत्त्याण्णव. एकशे दोन." काटा सबंध वेळ मध्यावर होता, त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

इगतपुरीला चहाला थांबलो. मी सवयीने चावीला हात घातला तर बाबांनी हात धरला, घाटात धरला होता तसाच. "अजून अठ्ठ्याण्णव आहे. पंखा फिरू दे." आई आणि बायको उतरून टपरीकडे गेल्या, आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. ९६, ९४, ९१. पंखा बंद झाल्याचा आवाज आला आणि बाबांनी स्वतः चावी फिरवली.